अकरा नंबरचा हिरवा

एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून कवळीवाल्यांची मान कायमची उजवीकडे कलली होती. डोकं घालून म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात त्यांनी एकही तोंड आतून पाहिलं नव्हतं. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे ठसे पाठवायचे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून कवळीवाले त्या ठशांवर दात उभे करायचे. पूर्ण कवळ्या, कॅप, मधलेच एक-दोन गेलेले दात. काम चांगलं झालं तर पुढे काहीच कळायचं नाही. बिघडलं तर चिठ्ठी यायची. 'खाली डावीकडे टोचतं म्हणतात.' 'पेशंटच्या सूनबाईंच्या मते दात फार पांढरे.' एकदा तर नुसतंच, 'शिट्टी वाजते.'

खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघायची. त्यामुळे दिवसभर ट्यूबलाइट, घासायच्या मशीनची घरघर, ॲक्रिलिकचा उग्र वास, आणि प्लास्टरची अशी बारीक धूळ की घरी जाऊन नाक शिंकरलं तर रुमाल पांढरा व्हायचा. घरी यायचे तेव्हा बायकोही नुकतीच चपला काढत असायची. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसे. दिवसभर लोकांशी बोलून बोलून संध्याकाळी तिला एक शब्द काढायचा म्हटलं तरी जिवावर यायचं. मूलबाळ नव्हतं. दोघं दोन टबांत गरम पाणी घेऊन, पाय बुडवून समोरासमोर बसायची.

"काय म्हणतंय?"

"काही नाही."

एवढ्यात दिवसाची विचारपूस उरकायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. दोघंही दमलेली होती, इतकंच.

रंगकाम त्यांच्या आयुष्यात आलं ते चुकून. कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान बंद होत होतं आणि दुकानदार दिसेल त्याच्या गळ्यात काही ना काही मारत होता. कवळीवाल्यांच्या वाट्याला आलं एक धुळकट खोकं. आत बाहुलीघराचं लाकडी सामान, रंग न दिलेलं. पलंग, कपाट, टेबल, चार खुर्च्या, एक आरामखुर्ची, सगळं बोटबोटभर. भाचीला होईल म्हणून त्यांनी ते घेतलं आणि मोठ्या कौतुकाने बहिणीकडे नेलं. भाचीने आधी खोक्याकडे पाहिलं, मग मामाकडे.

"मामा, मी नववीत आहे."

"अरेच्चा," कवळीवाले म्हणाले, "कधी गेलीस?"

खोकं परत आलं ते कपाटावर पडून राहिलं. पुढे एका सुट्टीच्या सकाळी बायको तिच्या बहिणीकडे गेलेली असताना त्यांनी ते सहज खाली काढलं. खिशात कामाचा ब्रश होता, दातांवर चिनीमातीचा थर चढवायचा, टोकाला जेमतेम पाच-सहा केस असलेला. डब्यात दाराला लावलेला उरलासुरला रंग होता. एक खुर्ची रंगवायला त्यांना साडेतीन तास लागले, आणि त्या साडेतीन तासांत त्यांना मानेची एकदाही आठवण झाली नाही. खुर्ची वाळत ठेवून ते उठले तेव्हा मान दुखतच होती. पण मधल्या वेळेत ती कुठेतरी गेली होती खरी.

तेव्हापासून रोज सकाळी सहा ते सव्वासात हा त्यांचा वेळ झाला. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, उजेडात. कारण रंग खरा कळतो तो दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली तो खोटं बोलतो, हे त्यांना धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. आधी बारीक पॉलिशपेपरने घासायचं. मग अस्तराचा रंग. मग पातळ, अगदी दुधावरच्या सायीपेक्षा पातळ हात. वाळला की घासायचा आणि परत एक हात. कपाटांच्या दारांवर वेली काढायच्या. मण्यांच्या मुठी बसवायच्या. जुन्या शर्टाच्या कॉलरचं कापड गादीला, बायकोच्या विरलेल्या मखमली ब्लाउजचा तुकडा आरामखुर्चीला. मेण कोरायच्या हत्यारांनी ते पलंगाच्या पायांवर नक्षी काढत. पहिलं खोकं संपल्यावर ते पातळ लाकडाच्या पट्ट्या आणून स्वतःच सामान बनवू लागले. चार वर्षांत बैठकीतली काचेची शोकेस भरली.

"आपल्या सोफ्याचं रेक्झिन फाटून तीन वर्षं झाली," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "त्यावर हे पेपर टाकून बसतात. आणि बोटभर खुर्चीला मखमल!"

कवळीवाले हसून सोडून देत. त्यांना त्या कामाचं एवढं का वाटतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण कारण साधं होतं. ह्या कामाची चिठ्ठी येत नसे. त्या खुर्च्यांवर कोणी बसत नव्हतं, त्या कुणाला टोचत नव्हत्या, आणि कुणाच्या सूनबाईंना त्या फार पांढऱ्या वाटत नव्हत्या.

एका दुपारी दातांच्या एक डॉक्टरीणबाई एका अवघड केसबद्दल बोलायला स्वतःच खोलीवर आल्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष सुकवायच्या भट्टीशेजारी गेलं. तिथे कवळीवाल्यांनी वॉर्निश वाळायला एक आरशाचं टेबल ठेवलं होतं, काडेपेटीएवढं.

"हे कुणाच्या तोंडात बसवायचंय?" त्यांनी विचारलं.

कवळीवाले ओशाळले. मग सगळी हकिकत सांगावी लागली. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या की त्यांची एक मैत्रीण मोठ्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत मुलांचं समुपदेशन केंद्र चालवते. ज्या मुलांना मनातलं बोलता येत नाही त्यांना ती खेळायला देते, आणि खेळता खेळता मुलं सांगतात. तिच्याकडे बाहुलीघर आहे, पण आत सामान म्हणजे दोन प्लास्टिकचे तुकडे. "तुमच्याकडचं काही दिलंत तर?"

कवळीवाल्यांनी 'बघतो' म्हणून दोन आठवडे काढले. रोज शोकेससमोर उभं राहून हे द्यावं की ते, असा घोळ घालत बसले. शेवटी बायकोच वैतागली. "अहो, सोळा खुर्च्यांची धूळ मी पुसते. देऊन टाका."

त्यांनी अकरा वस्तू निवडल्या, आणि निवडल्या त्या उत्तमातल्या उत्तम. प्रत्येक वस्तू कापसात गुंडाळून कवळीच्या डबीत ठेवली आणि पिशवी छातीशी धरून ते केंद्रात गेले. समुपदेशनाच्या बाई पन्नाशीच्या होत्या. आवाज बसलेला, केस आखूड कापलेले, टेबलावर साय धरलेला चहा. त्यांनी एकेक डबी उघडून वस्तू हातात घेतली आणि फार वेळ पाहिली.

"मुलं खेळतील हं यांच्याशी," त्या म्हणाल्या. "म्हणजे खरंच खेळतील."

"अहो, त्यासाठीच आहेत," कवळीवाले म्हणाले. बाईंना काय म्हणायचंय ते त्यांना अजिबात कळलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला की थोडी डागडुजी करून मिळेल का. गुरुवारी कवळीवाल्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. केंद्रात गेल्यावर बाईंनी एका ट्रेमध्ये सामान काढून ठेवलं होतं. पलंगाचा उशाकडचा भाग तुटला होता. तीन खुर्च्यांचे पाय गेले होते, आणि एक पाय तर चक्क चावलेला होता. दातांचे ठसे कवळीवाल्यांना ओळखू आले, दुधाचे पुढचे चार. टेबलावर पेनाने गिरगोट्या. शेवटी त्यांनी हातात घेतलं ते कपाट. ते त्यांचं सगळ्यांत लाडकं काम होतं. सायीच्या रंगाचं, चौदा हात दिलेलं, दोन्ही दारांवर निळ्या फुलांची वेल. त्या वेलीवर मधोमध, वरपासून खालपर्यंत, कशाने तरी कोरून कोरून लाकूड उघडं पाडलं होतं.

"हे कोणीतरी मुद्दाम केलंय," ते म्हणाले. आवाज जरा चढलाच.

"हो, मुद्दामच," बाई म्हणाल्या. "ते उघडत नाही ना."

"उघडायचं नाहीच आहे ते! नुसतं दिसायला आहे. एकच फळी, मध्ये रेघ मारून दोन दारं दाखवलीत."

"ते तिला माहीत नाही. तीन गुरुवार झाले, ती ते उघडायचा प्रयत्न करतेय. पूर्ण तास. दुसऱ्या कशाला हात लावत नाही."

"कोण?"

"एक मुलगी आहे, सात वर्षांची. याच्यापुढे मला सांगता यायचं नाही."

कवळीवाले मोडकी वरात पिशवीत घालून घरी आले आणि तोंड पाडून बसले. चार दिवस त्यांनी पिशवीला हात लावला नाही. सकाळी सहाला उठायचे, खिडकीशी बसायचे आणि नुसता चहा प्यायचे. पाचव्या दिवशी बायकोने विचारल्यावर त्यांनी सांगून टाकलं.

"मग उघडणारं करा," ती म्हणाली.

"सोपं आहे का ते?"

"मी कुठे म्हटलं सोपं आहे?"

पुढचे दोन आठवडे त्यात गेले. दारं बारीक करवतीने कापून वेगळी करायची, आतून कपाट पोखरायचं, आणि बिजागऱ्या? तेवढ्या लहान बिजागऱ्या मिळणार कुठे? कवळी शेजारच्या दाताला अडकवायला तारेचे हूक लावतात. ती तार वळवून त्यांनी चार बिजागऱ्या केल्या. खाचा पाडताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी दारं उघडू लागली. मग त्यांनी परत सायीचा रंग दिला आणि परत निळ्या फुलांची वेल काढली, पहिल्यापेक्षा सुबक.

गुरुवारी ते केंद्राबाहेरच्या बाकावर बाईंची वाट पाहत बसले होते. शेजारी एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. कपड्यांवर दोऱ्यांची टोकं चिकटलेली, बोटाला मापाची टेप गुंडाळलेली. कुठेतरी शिवणावर असाव्यात. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "ते कपाट करणारे तुम्हीच ना? मॅडम म्हणत होत्या."

"हो."

"ती माझी भाची. आत गेलीय ती. मी तिची मावशी." आणि मग, कलत्या मानेच्या ह्या माणसाला सांगून टाकावं असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण त्या बोलू लागल्या. आवाज अगदी सपाट, जणू शेजारणीची गोष्ट सांगतायत. "माझी बहीण आणि मेहुणे कामावर गेले होते. घरी चिऊ आणि तिचे आजोबा. दुपारी वायरिंगने पेट घेतला. चिऊ घाबरून आतल्या खोलीत कपाटात जाऊन बसली. आजोबा तिला शोधत राहिले. शेजारचे बाहेरून ओरडत होते, बाहेर या, बाहेर या. पण नात सापडल्याशिवाय ते येतात कसले! ह्या खोलीतून त्या खोलीत, तिच्या नावाने हाका मारत. ती ऐकत होती सगळं. पण तिने ओ दिली नाही. भीतीने वाचाच बसली हो पोरीची." त्यांनी टेप बोटावरून सोडली आणि परत गुंडाळली. "आग आतल्या खोलीपर्यंत पोचलीच नाही. तिला एक ओरखडासुद्धा नाही. आजोबा धुराने गेले. आठ महिने झाले, तेव्हापासून बोललेली नाही ती. बहीण येते म्हणते इथे, पण आली की तीच रडत बसते. म्हणून मी पाळी बदलून घेते आणि हिला आणते."

कवळीवाले मांडीवरच्या डबीकडे पाहत राहिले. निळ्या फुलांची वेल आठवून त्यांना कसंनुसं झालं.

समुपदेशनाच्या बाई बाहेर येऊन कपाट घेऊन गेल्या. तास संपल्यावर परत आल्या त्या एक कागद घेऊन. "दारं उघडली तिने. कितीदा तरी उघडली, मिटली. पण मग तोंड फिरवून बसली. आणि हे." कागद खडूने पूर्ण हिरवा केला होता. "हा तिने कपाटापुढे ठेवला."

"हिरवं होतं ते घरचं कपाट," मावशी म्हणाल्या. "हिरवंच होतं. आता नाही राहिलं, सगळं सामान काढून टाकलं."

"कसं हिरवं?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"हिरवं म्हणजे… हिरवंच की हो."

दुसऱ्या सकाळी त्यांनी आपल्या हाताने त्या वेलीवर रंग फिरवला. जिवावर आलं, पण फिरवला. छान गडद हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. गुरुवारी मुलीने ते कपाट एका बोटाने दूर सरकवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी जरा उजळ केला. तोही सरकवला. तिसऱ्या आठवड्यात शेवाळी. त्याला तर तिने बोटही लावलं नाही. इकडे खोलीवर कामाचा ढीग पडला होता, गुरुवारच्या सुट्ट्यांमुळे मालकाच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या, आणि रोज हिरव्याकडे बघून बघून कवळीवाल्यांचे डोळे लाल झाले होते.

"माझ्याच्याने नाही होणार," संध्याकाळी पाय पाण्यात घालून ते बायकोला म्हणाले. "मी मेलेल्या रंगाच्या मागे लागलोय."

"मग सांगा तसं त्यांना."

"सांगतो."

पण सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी खोलीवर एका डॉक्टरांची चिठ्ठी आली, वरच्या पुढच्या दाताची, आणि तिच्यावर नेहमीप्रमाणे शेड लिहिलेली होती. कवळीवाल्यांनी सवयीने शेड गाइड उचलली. शेड गाइड म्हणजे दातांच्या नमुन्यांची पट्टी. पिवळट, करडे, तांबूस झाक असलेले सोळा दात ओळीने लावलेले, प्रत्येकाखाली नंबर. डॉक्टर ती पेशंटच्या ओठांशी धरून जुळणारा दात शोधतो आणि नंबर कळवतो. 'पांढरा दात पाठवा' असं एकोणतीस वर्षांत एकाही डॉक्टराने लिहिलं नव्हतं.

"गाढव आहे मी," कवळीवाले मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर केली. "तू नाही रे. मी."

त्यांनी डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तसल्या लाकडी पट्ट्या आणल्या आणि अठरा हिरवे तयार केले. एकात पिवळ्याचा थेंब जास्त, एकात काळ्याचा, एकात मातकट. पोपटी, मेंदी, शेवाळी, आणि मधले कितीतरी, ज्यांना नावंच नाहीत. मागे नंबर घातले. गुरुवारी त्यांनी बाईंना गळ घातली की पट्ट्या खोलीतल्या दिव्याखाली नाही, बाहेर खिडकीशी दाखवायच्या, उजेडात. बाईंनी जरा विचार केला आणि मुलीला बाहेर आणलं.

दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली. ती बाकाच्या टोकाला बसली आणि कवळीवाल्यांनी मधल्या जागेत पट्ट्या मांडल्या. तिने पहिली उचलली, उजेडाकडे धरली आणि बाजूला ठेवली. मग दुसरी. घाई नव्हती. दात निवडताना चांगले डॉक्टर करतात तसं ती मध्येच नजर दुसरीकडे नेऊन परत आणत होती. अठरांतल्या दोन राहिल्या. मग एक. तिने ती उलटी केली. अकरा.

कवळीवाले सुटकेचा श्वास टाकणार, तोच तिने पट्टीच्या कडेला नखाने खरवडायला सुरुवात केली. थोडा रंग उडाला, लाकूड दिसलं. तिने ती जागा त्यांच्यापुढे धरली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"रंग उडालेला होता?" त्यांनी विचारलं.

मान हलली.

"कुठे? मुठीजवळ? हात लागून लागून?"

मान हलली. मग तिने बाकावरून उजवा पाय खाली सोडला आणि बुटाच्या टोकाने हवेत हळूच ढकललं.

"खाली पण? दार नीट लागायचं नाही? पायाने ढकलायला लागायचं?"

मुलीने जोरात मान हलवली, एकदा, दोनदा. कवळीवाल्यांनी खिशातून चिठ्ठी काढून लिहून घेतलं, जसं कुठल्याही डॉक्टराचं घेतलं असतं: 'शेड अकरा. मुठीजवळ झिजलेलं. खाली उजवीकडे पोचे.'

हे त्यांना आधी सुचायला हवं होतं. साठीच्या माणसाला कोरा करकरीत दात बसवला तर शंभर पावलांवरून खोटा दिसतो. म्हणून मुळाशी थोडा पिवळा द्यावा लागतो, टोकाला बारीक चीर काढावी लागते. हे सगळं त्यांच्या हातात होतं. पण बाहुलीघराचं सामान त्यांनी चार वर्षं नवंकोरं, चकचकीतच रंगवलं होतं. त्या घरांत कोणी राहत असेल हे कधी मनातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी कपाटाला आधी तपकिरी अस्तर दिलं, वर अकरा नंबर, आणि मग मुठीभोवतीचा रंग चिंधीने घासून घासून घालवला. खालच्या कोपऱ्यात हत्याराच्या बोथट टोकाने पोचे पाडले. एका बिजागरीची तार किंचित वाकवली, म्हणजे दार शेवटी अडेल आणि ढकलावं लागेल. चांगलं काम हाताने बिघडवताना त्यांना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

गुरुवारी कपाट आत गेलं. दार बंद झालं. बाकावर कवळीवाले आणि मावशी. मावशींचा डोळा लागला होता. त्यांची मान पुढे पुढे झुकत होती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. बराच वेळ काहीच नाही. कवळीवाले पिशवी उचलून निघायच्या बेतात होते.

आणि आतून आवाज आला. बारीक, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा.

"ओ."

मावशींचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी कवळीवाल्यांचं मनगट धरलं.

"ओ," परत आला. आता जरा मोठा. "ओ, आजोबा. ओ."

कवळीवाले फरशीकडे पाहत राहिले. फरशीच्या एका चौकोनाला कोपऱ्यात तडा होता. मावशींची नखं रुतत होती, पण त्यांनी हात सोडवला नाही.

तास संपल्यावर बाई बाहेर आल्या, थेट बेसिनपाशी गेल्या आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. मुलगी मावशींना येऊन चिकटली. मावशी कवळीवाल्यांना म्हणाल्या, "पाणी आहे का हो थोडं?" त्यांनी बाटली दिली. ती मावशींनी स्वतः न पिता मुलीच्या तोंडाला लावली.

"पुढच्या गुरुवारी खुर्च्या आणाल ना?" बाई रुमालाने तोंड पुसत म्हणाल्या. "दोनच उरल्यात."

त्या संध्याकाळी टबाशी बायकोने नेहमीचं विचारलं, "काय म्हणतंय?"

"आज ती बोलली."

"काय बोलली?"

"ओ म्हणाली."

बायको पुढे काही विचारेल असं त्यांना वाटलं. पण ती उठली, आतून किटली घेऊन आली आणि त्यांच्या टबात गरम पाणी ओतलं.

चिऊ काही त्या दिवसापासून घडाघडा बोलायला लागली नाही. आठवड्याला चार शब्द, मग दहा. एकदा ती बाकावर बसून कवळीवाल्यांना म्हणाली, "तुमची मान वाकडी आहे," आणि त्यांनी ते मान्य केलं. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या आईबापांनी दुसऱ्या गावी घर केलं आणि ती तिकडे गेली. कपाट मागे राहिलं, कारण केंद्रातली वस्तू केंद्रातच राहते असा बाईंचा नियम होता. पुढच्याच महिन्यात कुणीतरी ते काळ्या खडूने भरून टाकलं. कवळीवाल्यांनी विचारलं, "परत हिरवं करू का?" बाई म्हणाल्या, "नको. सध्या ते काळंच हवंय एकाला."

आता ते दर गुरुवारी जातात. घरच्या शोकेसमध्ये वर्षभरात एकही नवी वस्तू आलेली नाही. वेली काढायला वेळ नसतो. मुलं टिकाऊ मागतात, जाड पायांचं, आपटलं तरी न मोडणारं. सकाळचा तो सव्वा तास, ज्यात मान कुठेतरी निघून जायची, तो आता दुरुस्तीत जातो आणि मान जागची हलत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय. डॉक्टर म्हणतात काढून टाकू, ते म्हणतात बघू. कधीकधी शिडी चढून ते माळ्यावरचा जुना मखमलीचा तुकडा काढतात, बोटांनी चोळून पाहतात आणि परत ठेवून देतात. सोडून द्यावं असं दर बुधवारी वाटतं.

परवा ते असेच बाकावर टेकले होते. जिन्याने पाय भरून आले होते. शेजारी एक तरुण आई होती, पायाशी खाली मुलाचं दप्तर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पहिल्यांदाच आलेली असावी; दारावर नजर लावून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काका, तुमचं कोण आहे आत?"

कवळीवाल्यांनी विचार केला.

"खुर्ची," ते म्हणाले. "तिचा पाय मोडलाय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तर आपल्या बाजूला ओढून घेतलं, म्हणजे त्यांना पाय लांब करायला जागा होईल.